बारा पदार्थ आणि दोन पळ्या तूप

"सुलभाताई, ह्यात काय घातलंत?"

"काही नाही हो. दोन पळ्या तूप. घरचं आहे, साजूक."

मी हातातला क्रेट ओट्यावर ठेवला आणि पातेल्यात डोकावले. शिजवलेले गहू, खसखस, मध, अक्रोड, मनुका. आणि त्यावर रवाळ, हळूहळू विरघळत चाललेलं तूप. इतर कुठल्याही दिवशी त्या वासाला मी दाद दिली असती. पण तो चोवीस डिसेंबर होता. दुपार उलटत होती. आकाशात पहिली चांदणी दिसली की त्या घरात चौदा माणसं जेवायला बसणार होती, आणि जेवणाचा पहिला घास याच पातेल्यातून जाणार होता. त्यात तूप चालणार नव्हतं. थेंबभरसुद्धा.

मी कोथरूडमध्ये केटरिंग करते. मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा, ऑफिसची दिवाळी पार्टी. भाड्याच्या दोन खोल्यांत किचन आहे, हाताखाली शैला आणि आणखी दोघी. श्रीखंड-पुरीची ऑर्डर आम्ही गप्पा मारत पार पाडतो. युक्रेनचं जेवण मात्र पहिल्यांदाच घेतलं होतं.

ऑर्डर दिली सुलभाताईंच्या सुनेने. तिचं नाव ओक्साना. ती युक्रेनची, नवरा निनाद इथलाच. दोघं आयटीत. ओक्साना मराठी बोलते. क्रियापद अडलं तर इंग्रजी घालते आणि पुढे जाते. तिची आई हालीना तिकडे लढाई सुरू झाल्यावर लेकीकडे पुण्याला आली. वडील घर सोडायला तयार नव्हते. ते मागेच राहिले आणि यंदा आजारपणात गेले. हालीनाला जाता आलं नाही.

"नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे घरी जेवण असतं," ओक्सानाने पहिल्या भेटीत सांगितलं. "बारा पदार्थ. आई दरवर्षी एकटी करते. यंदा तिचा हात प्लास्टरमध्ये आहे. आणि मला बारा पदार्थ येत नाहीत. मला तीन येतात."

"तुमच्या आई सांगतील, आम्ही करू. काय चालतं, काय नाही?"

"मांस नाही, अंडं नाही."

"आमचं किचन शाकाहारीच आहे."

"दूध नाही. दही, लोणी, चीज, तूप नाही. तो उपवास असतो."

इथे मी पेन खाली ठेवलं. आपल्या उपवासाला गहू चालत नाही, कांदा-लसूण तर विचारायलाच नको. दूध-तूप मात्र हवं तेवढं. त्यांचं बरोबर उलटं. गहू, वाटाणा, कोबी, कांदा, लसूण, मश्रूम, सगळं चालतं. गाईकडून आलेलं काहीही नाही. मासे चालतात, पण सुलभाताईंच्या घरात मासे शिरणार नव्हते. माशांचे दोन पदार्थ हालीनाने एक सुस्कारा सोडून यादीतून काढले आणि त्या जागी मसूर आणि भाजलेलं बीट आलं.

मग ओक्सानाने मुख्य गोष्ट सांगितली. त्या रात्री घरातले गेलेले लोक जेवायला येतात अशी त्यांची समजूत आहे. त्यांच्यासाठी टेबलावर एक पान वाढून ठेवतात. आपल्याकडे पितृपक्षात वाढतात तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे पान बाहेर कावळ्याला ठेवतात, तिकडे पितर घरातच आपल्या शेजारी बसतात. पानात सगळ्यात आधी वाढतात ती गव्हाची खीर. ती पातळ नसते, दाणा दाणा वेगळा. तिला म्हणतात कुत्या. नावाला हसायचं असेल तर हसून घ्या. आमची शैला पहिला अख्खा दिवस हसली.

"यंदा त्या पानावर बाबा," ओक्साना म्हणाली. "वंदनाताई, बिटाचं सार बिघडलं तर चालेल. कुत्या नाही. आईला तिकडे काहीच करता आलं नाही. हे एवढंच करता येणार आहे."

मी ऑर्डर घेतली.

कुठलंही अनोळखी जेवण करायचं तर आधी ट्रायल करावी लागते. ट्रायल म्हणजे थोड्या प्रमाणात सगळं करून गिऱ्हाइकाला चाखवणं. आमच्या ट्रायलला हालीना स्वतः आल्या. उंच, सरळ पाठीच्या, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यांना मराठी येत नाही, इंग्रजी नाही, मला युक्रेनियन नाही. ओक्साना मधे उभी. हालीना चमच्याने चाखत आणि एकच शब्द बोलत. ओक्साना तो शब्द सांगायची.

"फिकं."

"जाड."

"हे काय आहे?"

शेवटचं आमच्या वारेनिकींबद्दल होतं. वारेनिकी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या छोट्या करंज्या. तळायच्या नाहीत, उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर आल्या की काढायच्या आणि वरून तेलात परतलेला कांदा. आमच्या शैलाने सवयीने काठाला इतकी सुरेख मुरड घातली होती की तो भाग शिजलाच नाही. हालीनाने डाव्या हाताने एक करंजी उचलली, मुरड मोडली, चिमटीत कड दाबून दाखवली. साधी, पातळ. शैला म्हणाली, "एवढंच? हे तर माझी पोरगी करेल." दुसऱ्या घाण्याला हालीना काही बोलल्या नाहीत. ओक्साना म्हणाली, "हे चांगलं आहे. ती गप्प आहे."

ट्रायलमध्ये मला बरंच कळलं. त्यांचा जीव शेपूत आहे. बोर्श म्हणजे बिटाचं आंबट सार. त्यात शेपू, बटाट्यावर शेपू, कोबीवर शेपू. आमच्या किचनमध्ये तिघींपैकी दोघी शेपूचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. बोर्शचा आंबटपणा चिंच-लिंबाचा नसतो. बीट मिठाच्या पाण्यात घालून काही दिवस आंबवतात, ते पाणी वापरतात. आपल्या उत्तरेकडच्या कांजीसारखं. खसखस त्यांची काळी असते. ती मिळाली नाही, पांढरी घेतली. ती भिजवून इतकी वाटायची की दूध सुटलं पाहिजे. त्या रात्री चालणारं दूध हे एवढंच.

जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात धान्याची पेंढी उभी करतात. शेतातली शेवटची पेंढी घरात आणायची, त्यातून पूर्वज घरात येतात, असं ते मानतात. डिसेंबरात आपल्याकडे गहू हिरवा. मला भाजी देणारे पाटील लोणी काळभोरचे. त्यांना बाजरीच्या कणसांची पेंढी आणायला सांगितली.

"ताई, ह्ये खायला हाय का गुरांना?"

"कोपऱ्यात उभी करायची आहे."

"पुण्याचं आपलं कायबी असतंय," म्हणाले, पण पेंढी बांधून आणली. ती इतकी देखणी होती की हालीनाने गव्हाचा हट्ट सोडला.

अशी सगळी तयारी. चोवीस तारखेला आमच्या किचनमध्ये सगळं शिजवलं आणि सुलभाताईंच्या फ्लॅटवर आणलं. शिजल्यापासून वाढेपर्यंतच्या वेळाला आम्ही होल्डिंग म्हणतो. बोर्श होल्डिंगला उत्तम, वारेनिकी वाईट, म्हणून त्या कच्च्या आणून तिथेच उकळायच्या होत्या. कुत्याला तर मुरायला वेळच हवा असतो. म्हणून ती सगळ्यात आधी वर नेऊन ओट्यावर ठेवली आणि आम्ही बाकीचे क्रेट आणायला पार्किंगमध्ये गेलो.

तेवढ्यात दोन पळ्या पडल्या.

"विहीणबाई सकाळपासून उपाशी आहेत," सुलभाताई म्हणाल्या. "मी झाकण काढून बघितलं तर गहू कोरडे ठणठणीत. म्हटलं, केटररचा हात आखडता. विहिणीला बिनतुपाचं वाढायचं म्हणजे माझी काय अब्रू राहिली?"

"आज तूप चालत नाही. दूध, तूप, काहीच नाही. त्यांचा उपवास आहे."

"उपवासाला तूप चालत नाही?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी उपवासाला पाणी चालत नाही म्हणाले होते. "मला कोणी बोललंच नाही. ओक्साना म्हणाली, आई, तुम्ही काही करू नका, नुसतं बसा. आता मी स्वतःच्या घरात नुसती बसू?"

मला रागवायला जागा नव्हती. विहिणीच्या पानात तूप वाढलं नाही तर काय बोलणी खावी लागतात हे मी शेकडो पंगतींत बघितलं आहे. मी त्यांच्या जागी असते तर तीन पळ्या घातल्या असत्या.

"वरचं काढून टाकू," त्या हळूच म्हणाल्या. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. तुम्हालाही."

त्या ओट्याला टेकल्या. "त्यांच्या यजमानांचं पान आहे ना हे?"

"हो."

"अरे देवा."

"ते नंतर. आधी गहू."

अडचण गव्हाचीच होती. मध, अक्रोड, मनुका होत्या. वाटायला खसखस शिल्लक होती. पण कुत्याला सडलेले गहू लागतात. सडलेले म्हणजे किंचित पाणी लावून, कांडून, वरची साल काढलेले. ते रात्रभर भिजवावे लागतात. न भिजवता कुकरला लावले तर वरून फुटतात आणि आत कडक राहतात. ट्रायलच्या आधी मी ते करून बघितलं होतं. आज संध्याकाळच्या आत भिजलेले सडलेले गहू कोणाकडे असतील? कोथरूडमध्ये एकच नाव डोक्यात आलं आणि मला ते नको होतं.

परांजपे काका. माझ्या आधीपासून या धंद्यात. एका मोठ्या सोसायटीचा गणपतीचा महाप्रसाद वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता, तो माझ्याकडे आला. तेव्हापासून मी समोर दिसले की ते फुटपाथ बदलतात. पण मार्गशीर्षात ते गव्हाची खीर करून विकतात. रोज सकाळी ताजी. म्हणजे उद्याचे गहू आज त्यांच्याकडे पाण्यात असणार.

शैलाला खसखस वाटायला बसवलं. ॲक्टिव्हाची किल्ली घेतली. सुलभाताई चपला घालून दारात उभ्या.

"मी येते. घातलं मी आहे."

काका काउंटरवर बसून पेपर वाचत होते. मान वर केली नाही.

"वाट चुकलात?"

"काका, सडलेले गहू हवेत. भिजलेले."

"आमच्याकडे खीर मिळते. सकाळी आठनंतर. गहू वाण्याकडे मिळतात."

"भिजलेले मिळत नाहीत."

"भिजवायचे. पाणी मिळतं घरोघरी."

"आज संध्याकाळी लागणार आहेत."

"नियोजन," काका पेपरचं पान उलटत म्हणाले. "नियोजन फार महत्त्वाचं बघा आपल्या धंद्यात. मोठमोठ्या सोसायट्यांची कामं घेणाऱ्यांना तर फारच."

मी गिळलं. दुसरा कुठलाही दिवस असता तर उत्तर तयार होतं. तेवढ्यात सुलभाताई पुढे झाल्या.

"अहो, ह्यांची चूक नाही, माझी आहे. माझ्या विहीणबाई युक्रेनच्या. ह्या वर्षी त्यांचे यजमान गेले. त्यांना शेवटचं बघायलाही मिळालं नाही. आज रात्री त्यांचं पान वाढायचं आहे आणि त्यावर गव्हाची खीर लागते, बिनतुपाची. मी मूर्खासारखं तूप घातलं."

काकांनी पेपर घडी केला.

"पान वाढायचंय?"

"हो."

ते आत गेले. एक मोठं पातेलं घेऊन बाहेर आले. गहू टपोरे, पांढुरके, भिजून फुगलेले.

"ह्याला दूध-तूप कशाचा हात लागलाय का?" मी विचारलं. विचारणं भागच होतं.

"पाण्यात भिजवलेत. पाण्याला काय तूप लावू?" मग सुलभाताईंकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "सगळे घेऊन जा. मोजत बसू नका. उद्याची खीर उद्या बघू." आणि मला म्हणाले, "पातेलं घासून आणा."

येताना सुलभाताई मागे मांडीवर पातेलं धरून बसल्या होत्या. कर्वे रोडच्या सिग्नलला एक मुलगा म्हणाला, "काकू, पाणी सांडतंय." त्या म्हणाल्या, "तू पुढे बघ."

घरी आल्यावर माझा स्वतःचा कुकर काढला. त्या घरातल्या एकाही भांड्यावर माझा विश्वास उरला नव्हता. गहू शिजले. मध गरम पदार्थात घालत नाहीत. म्हणून गहू परातीत पसरून पंख्याखाली ठेवले. सुलभाताई वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. ओक्साना ऑफिसमधून आली तेव्हा तिला दिसलं ते हेच. सासू परातीला वारा घालते आहे आणि ओट्यावर कुत्याची दोन पातेली.

"दोन का?"

मी तोंड उघडलं, पण सुलभाताईच आधी बोलल्या. सगळं सांगितलं. ओक्सानाने ऑफिसची बॅग खाली ठेवली. पाया घालून उभी केलेली गोष्ट हलली की चेहरा होतो तसा तिचा झाला होता.

"नवीन आहे ना?" तिने मला विचारलं.

"नवीन. तूप नाही, दूध नाही, तुमच्या घरातला चमचासुद्धा नाही."

"तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, आई," ती सासूला म्हणाली. "मी नाही सांगितलं." आणि तिने वर्तमानपत्र स्वतःच्या हातात घेतलं.

परात निवली. मध, खसखस, अक्रोड, मनुका. शैलाने चाखलं आणि मान हलवली. मी चाखलं. दाणा अख्खा, चावला की मऊ. पहिल्यापेक्षा बरी झाली होती. हे मी परांजपे काकांना अजून सांगितलेलं नाही.

गच्चीवर पाहुणे आकाशाकडे बघत उभे होते. पुण्यात राहणाऱ्या सहा-सात युक्रेनियन बायका, निनादचे काका-काकू, एक छोटी मुलगी. ती दोनदा ओरडली. दोन्ही वेळा ते लोहगावला उतरणारं विमान निघालं. तिसऱ्या वेळी चांदणी जागची हलली नाही. सगळे खाली आले.

टेबलक्लॉथखाली वाळलेलं गवत, चार कोपऱ्यांना लसणीचे कांदे, कोपऱ्यात बाजरीची पेंढी, एका रिकाम्या खुर्चीसमोर पान आणि मेणबत्ती. बसण्याआधी हालीनाने आपल्या खुर्चीवर हलकेच फुंकर मारली. तिथे कोणी न दिसणारं बसलं असेल तर त्याने सरकावं म्हणून. इतर बायकांनी मारली. सुलभाताईंनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांनीही मारली.

मग त्या उभ्या राहिल्या. "ओक्साना, सांग तुझ्या आईला. आधीच्या खिरीत मी तूप घातलं होतं. ती बाजूला काढली. ही वेगळी आहे. सांग."

मी दाराशी वाढायच्या तयारीत उभी होते. हातातला डाव गच्च धरला. ओक्सानाने सांगितलं. हालीनाने ऐकलं. मग एक वाक्य बोलल्या आणि त्यांच्या देशाच्या सगळ्या बायका एकदम हसल्या.

"ती म्हणते," ओक्साना डोळे पुसत म्हणाली, "जुनी फेकली का? उद्या उपवास सुटतो. उद्या तिला तुपाची हवी."

जुनी फ्रीजमध्ये सुखरूप होती. सुलभाताईंचा चेहरा असा उजळला की मी नजर दुसरीकडे वळवली.

हालीनाने डाव्या हाताने पहिला चमचा त्या पानात वाढला. नवऱ्याचं नाव घेतलं. मग बसल्या, दुसरा चमचा स्वतः खाल्ला, आणि ट्रायलमध्ये ऐकू आला नव्हता असा एक शब्द म्हणाल्या. ओक्सानाने तो सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती. त्यांनी वाटी पुढे केली होती.

पुढे बाराही पदार्थ गेले. वारेनिकींचा दुसरा घाणा लावावा लागला. बोर्शवर हालीनाची तक्रार आली, शेपू कमी. मी ती शैलाला जशीच्या तशी सांगितली. ती म्हणाली, "ताई, ह्याहून जास्त शेपू म्हणजे गुन्हा आहे." उझवार, म्हणजे सुकवलेल्या फळांचं सरबत, निनादच्या काकांनी तीनदा घेतलं आणि काकूंनी चौथ्यांदा घेऊ दिलं नाही. पाहुण्यांपैकी दोघींनी जाताना माझा नंबर घेतला. ईस्टरला काय करता येईल, असं विचारत होत्या. ईस्टरला अंडी लागतात. ते एक वेगळं भांडण आहे.

त्या दिवसापासून मी कामाची एक पद्धत बदलली आहे. पूर्वी पथ्याची ऑर्डर आली की काय नको ते जेवणाऱ्यांना विचारायचे आणि शिजवणाऱ्यांना सांगायचे. ते पुरत नाही. आता ते वाढणाऱ्या घरालाही मोठ्याने वाचून दाखवते. यजमानीणबाईंना दोनदा. आणि त्यांना नुसतं बसा असं कधीच सांगत नाही. काहीतरी काम देते, गॅसपासून लांब.